जांभळ्या आकाशाच्या काकू

पेन्सिल उचलली की काकू आधी ती दिव्याकडे धरायच्या, मग समोरच्या गिऱ्हाइकापुढे करायच्या आणि म्हणायच्या, "जरा पढ़िए तो, क्या लिखा है?" गिऱ्हाईक बापडं पेन्सिलीवरचं बारीक सोनेरी नाव वाचायचं. "शाबास! अब बैठिए, यही रंग आपसे भरवाते हैं." बघता बघता ते माणूस खुर्चीत बसलेलं असायचं आणि पेन्सिल त्याच्या हातात गेलेली असायची. विक्रीची ही युक्ती मला इतकी आवडायची, की दुकानात नव्या लागलेल्या मुलींना मी मुद्दाम ती बघायला उभं करत असे.

मी तेव्हा गुडगावातल्या एका मॉलमध्ये पुस्तकांच्या दुकानात फ्लोअर मॅनेजर होते. मयूर विहारहून रोज मेट्रोनं जायचं, राजीव चौकाला गाडी बदलायची. मोठ्या माणसांनी रंगवायच्या पुस्तकांचं वेड आलं होतं ती दोन-अडीच वर्षं तुम्हालाही आठवत असतील. मोर, जंगलं, जुन्या हवेल्या, गोल गोल नक्ष्या. नुसत्या काळ्या रेघा आणि आत पांढरं. आमच्या दुकानात शिरताच त्यांचा ढीग लागलेला असे. आजूबाजूच्या काचेच्या टॉवरांतून सुटलेली माणसं संध्याकाळी यायची, ढिगाभोवती घुटमळायची आणि बिल करताना "बेटी के लिए है" असं न विचारता सांगायची. आठवड्याभरात तीच माणसं दुसरं पुस्तक मागायला यायची. मुलगी भलतीच झपाट्यानं रंगवते, असं आम्ही आपसांत म्हणायचो.

एका रंगपेन्सिलींच्या कंपनीनं आमच्या दुकानात टेबल मांडलं. त्यावर एक बाई बसून रंगवणार, लोकांना शिकवणार आणि त्यांना पेन्सिली घ्यायला लावणार. कला महाविद्यालयातली एखादी मुलगी येईल असं मला वाटलं होतं. आल्या त्या पन्नाशी उलटलेल्या, ठेंगण्या काकू. पिना लावून चापूनचोपून नेसलेली सुती साडी आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. पहिल्याच दिवशी मी आईशी फोनवर बोलत होते, "अगं, कालची आमटी फ्रीजमध्ये आहे, गरम करून घे." मागून आवाज आला, "अगं बाई, आपल्यातली आहेस होय!" तेव्हापासून चारचौघांत मी 'मॅडम' आणि एरवी 'पोरी'.

काकूंचे यजमान फौजेत होते. सुभेदार म्हणून निवृत्त होऊन ते आमच्याच रस्त्यावरच्या एका टॉवरमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर झाले होते. सिकंदरपूर गावात दोघं भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची. मूळ गाव साताऱ्याकडचं, मुलगी लग्न होऊन नाशिकला. काकूंचा सगळा संसार छावण्यांमधून झाला होता. झाशी, जबलपूर, पठाणकोट. जातील तिथं त्यांनी जवानांच्या बायकांना फॅब्रिक पेंटिंग शिकवलं होतं. यजमानांचा उल्लेख त्या 'आमचे सुभेदार' असा करायच्या आणि फौज त्यांच्या बोलण्यातही शिरली होती. सकाळी डब्यातल्या पेन्सिली ओळीत लावणं म्हणजे 'फॉल इन'. टोक मोडलेली पेन्सिल 'सिक रिपोर्ट'ला.

"बॉर्डर सँभालो जी, अंदर का अपने-आप हो जाएगा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. म्हणजे आधी रेघेच्या आतल्या कडेनं हलका रंग फिरवून घ्यायचा आणि मग मधली जागा भरायची. टॉवरांमधले मोठमोठे अधिकारी मान खाली घालून बॉर्डर सांभाळत बसायचे.

काकूंचा सल्ला मात्र कंपनीला परवडणारा नव्हता. स्केचपेन नका घेऊ, मागच्या पानावर उतरतो. ओले रंग हवेत तर आधी कागद चिमटीत धरून बघा, जाड आहे का. रंगवताना पानाखाली पुठ्ठा सारा. मोठ्या जागेला मऊ पेन्सिल, बारीक नक्षीला कडक. आणि कुणी बहात्तर रंगांचा डबा उचलला की, "घर में कितने लोग हैं जी? दो? फिर चौबीस बहुत हैं." कंपनीचा एरिया मॅनेजर हे ऐकून कपाळाला हात लावायचा. पण चोवीसचे डबे असे काही खपायचे की त्याला बोलता येत नसे.

आणि काकूंची स्वतःची चित्रं! टेबलामागच्या बोर्डावर ती टाचलेली असत. आकाश गडद जांभळं, पानं निळसर, पिवळा रंग तर हळदीचा लेप दिल्यासारखा जाड. मोर जांभळे, नद्या जांभळ्या. लोक फोटो काढायचे. डिझाइन शिकणारी, मनगटावर गोंदवलेली एक मुलगी एकदा म्हणाली, "आंटी, इतना बोल्ड कलर! आपको डर नहीं लगता?"

"डरना कैसा? जैसा है, वैसा भरती हूँ," काकू म्हणाल्या.

मला तो त्यांचा विनय वाटला.

रोज सात वाजता एक बाई यायच्या. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, वय पंचेचाळीसच्या आसपास. आम्ही त्यांना टॉवरवाल्या मॅडम म्हणायचो. फोन टेबलावर पालथा ठेवून त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत वीस-पंचवीस मिनिटं रंगवत बसायच्या आणि काही न बोलता निघून जायच्या. काही घ्यायच्याही नाहीत. एकदाच त्यांनी बोर्डावरच्या एका पानाकडे बोट दाखवून विचारलं, "ये मुझे मिल सकता है?" जुन्या हवेलीचं चित्र होतं, वर ते जांभळं आकाश. काकूंनी टाचण्या काढून पान हातात दिलं. मॅडमनी ते फ्रेम करून आपल्या केबिनमध्ये लावलं, असं त्यांच्याच ऑफिसातल्या कुणीतरी नंतर सांगितलं.

मग तो मंगळवार आला. मंगळवारी सकाळी आमच्याकडे चिटपाखरू नसायचं. झाडूपोछा करणाऱ्या बाईनं आदल्या रात्री काकूंचं टेबल पुसताना पेन्सिलींचा डबा सांडला होता आणि तिनं त्या जमतील तशा भरून ठेवल्या होत्या. मी अकरा वाजता पाहिलं तर काकू नुसत्याच बसलेल्या. थोड्या वेळानं उठल्या, चार पेन्सिली घेऊन काचेच्या दारापाशी गेल्या, एकेक उजेडात धरून बघितली आणि तशाच परत आल्या.

"काय झालं काकू?"

"काही नाही गं. फौज जागा सोडून बसलीय."

"मग लावून घ्या ना परत."

त्यांनी एक पेन्सिल माझ्यापुढे केली. "ही कुठली, वाच बरं."

"जांभळी."

"आणि ही?"

"निळी. काकू, तुम्हाला..."

"हळू बोल," त्या म्हणाल्या. मग साडीच्या पदराशी चाळा करत सांगू लागल्या. डोळ्यांवर पडदा आला होता. दोन्ही. दीड-दोन वर्षं झाली असतील. निळं आणि जांभळं एकच दिसायचं. फिकट पिवळा तर कागदावर उमटायचाच नाही, म्हणून त्या थरावर थर द्यायच्या. पेन्सिलींच्या जागा पाठ करून ठेवल्या होत्या, आणि शंका आली की गिऱ्हाइकाकडून नाव वाचून घ्यायच्या. स्वतःच्या पानांवर मात्र डोळ्याला जे निळं दिसेल तेच निळं म्हणून भरायच्या. मी मुलींना जी युक्ती म्हणून दाखवत होते, ती ही.

"मोतीबिंदूच आहे ना? आज साधं ऑपरेशन आहे काकू. सुभेदारांना सांगितलंत?"

"त्यांना सांगितलं तर उद्यापासून घरी बसवतील. आणि कंपनीला कळलं तर? आंधळ्या बाईला रंगांच्या टेबलावर कोण ठेवेल, पोरी?"

तेव्हा मी जे बोलले, ते बोलायचा मला काहीही अधिकार नव्हता. टेबल कंपनीचं, नेमणूक कंपनीची. पण मी म्हणाले, "तुम्ही डोळे करून या. टेबल तुमचंच राहील. माझा शब्द."

"शब्द?"

"शब्द."

सुभेदारांना सांगावं लागलंच, आणि छावणीतल्या फौजेच्या इस्पितळात आधी उजवा डोळा झाला. डावा दीड महिन्यानं करायचा होता. काकू घरी होत्या ते पंधरा दिवस मी एरिया मॅनेजरला 'गावी गेल्यात' असं सांगून वेळ मारून नेली आणि जमेल तेव्हा स्वतः टेबलावर बसले. माझी बॉर्डर सारखी तुटायची.

काकू आल्या त्या काळा चष्मा लावून, भलत्याच खुशीत. "पोरी, इस्पितळातली चादर इतकी पांढरी होती, मला वाटलं खाली दिवा लावलाय!" असं सांगत त्या टेबलापाशी आल्या. चष्मा काढला, बोर्डाकडे पाहिलं आणि थबकल्या.

"हे कुणी केलं?"

"कुणी म्हणजे? तुम्हीच."

त्यांनी डाव्या डोळ्यावर हात धरला आणि पाहिलं. मग उजव्यावर धरला. परत डाव्यावर. पस्तीस-चाळीस पानं होती. एकेका पानापुढे त्या असा हात बदलत उभ्या राहिल्या. आधी त्यांना हसू फुटलं. जांभळा मोर बघून तर खुर्चीत बसून हसल्या, पदरानं डोळे पुसायला लागल्या, आणि मी "डोळ्याला हात नका लावू" म्हणून ओरडले. मग हसणं थांबलं.

"दोन वर्षं लोकांना हे दाखवत होते मी?"

"लोकांना आवडलं होतं, काकू."

"अगं, पण मी निळंच भरत होते. अगदी खरं, दुपारचं आकाश असतं तसं." त्यांनी पुन्हा नव्या डोळ्यावर हात धरला. "ह्या जुन्या डोळ्यानं बघितलं तर अजूनही बरोबर आहे बघ."

त्याच दिवशी त्यांनी सगळी पानं उतरवून ठेवली आणि नव्या डोळ्यानं रंगवायला बसल्या. आकाश आकाशी, पानं हिरवी, पिवळा हलका. काम सुबक होतं. पण तुम्ही-आम्ही रंगवू तसंच होतं. लोक यायचे, बघायचे आणि पुढे जायचे. टेबलाभोवतीची गर्दी दोन आठवड्यांत ओसरली. एरिया मॅनेजर येऊन म्हणाला, "आंटी, वो पहले वाला आर्ट कहाँ गया? वही करो ना, पब्लिक को वही चाहिए." काकूंनी त्याच्यासमोर जांभळी पेन्सिल उचलली, आकाशावर टेकवली आणि तशीच ठेवून दिली. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "आता दिसतंय ना गं. दिसत असताना जांभळं कसं भरू? हातच उचलत नाही."

पुढच्या सोमवारी त्या उजव्या डोळ्यावर कापसाची पट्टी चिकटवून आल्या.

"डॉक्टरांनी लावली?"

"नाही. मीच."

दिवसभर त्यांनी डाव्या, जुन्या डोळ्यानं रंगवलं. संध्याकाळपर्यंत बोर्डावर तीन जांभळी आकाशं लागली आणि त्यांच्यापुढे माणसं उभी राहिली. मला सगळं समजलं आणि मी काहीही बोलले नाही.

हे मला तुमच्यापासून लपवायचं नाही. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मला पाठ होती, कारण ती मीच माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली होती. ती तारीख आली. काकू त्या दिवशी वेळेवर दुकानात हजर होत्या, पट्टी लावून. मी त्यांना "गुड मॉर्निंग काकू" म्हटलं. महिनाअखेरचे आकडे चांगले येणार होते, आणि माझा शब्दही टिकत होता.

तीन आठवडे असे गेले. एके संध्याकाळी टॉवरवाल्या मॅडमनी रंगवता रंगवता मान वर केली. "आंटी, ये पट्टी कब उतरेगी?"

समोरून विचारल्यावर काकूंना खोटं बोलता यायचं नाही. त्यांनी सगळं सांगितलं. पडदा, निळं-जांभळं, नवा डोळा, जुना डोळा, चुकवलेली तारीख. मी शेजारच्या शेल्फवर पुस्तकं लावत होते. तिथून हलले नाही.

मॅडमनी बोर्डावरच्या जांभळ्या आकाशांकडे पाहिलं. "तो मेरे केबिन में जो आसमान है..."

"वो नीला है, बेटा. मेरे हिसाब से बिल्कुल नीला है."

मॅडम हसल्या. इतक्या दिवसांत त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी पेन्सिल डब्यात तिच्या जागी नीट ठेवली आणि काकूंच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "आंटी, आँख करवा लीजिए." एवढंच बोलून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी काकू पट्टी न लावता आल्या.

"काल घरी गेले तर सुभेदार चहा पीत बसले होते," त्या म्हणाल्या. "पट्टी काढली आणि ह्या डोळ्यानं बघितलं, त्या डोळ्यानं बघितलं. जुन्या डोळ्यानं चेहरा कसा गुळगुळीत दिसतो, पंचेचाळिशीचे वाटतात. नव्यानं बघितलं तर सुरकुत्याच सुरकुत्या. कानाजवळ एक व्रण आहे, पठाणकोटला असताना झालेला. तो मी विसरूनच गेले होते. माझा माणूस म्हातारा झाला आणि नवा डोळा झाल्यावरही मी ते नीट बघितलंच नाही. डाव्याची तारीख मी त्यांना कळवलीच नव्हती. सांगून टाकलं सगळं."

"काय म्हणाले?"

"काही नाही. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि इस्पितळात फोन लावला."

"आणि टेबल?" माझ्या तोंडून निघून गेलं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "टेबलाचं तू बघ," म्हणाल्या.

मी बघितलं. कंपनीला दोन मोठे मेल लिहिले. एरिया मॅनेजरला चहा पाजून समजावलं. माणूस वाईट नव्हता. पण वेडच ओसरत होतं. दारातला पुस्तकांचा ढीग आधी आतल्या शेल्फवर गेला, मग खालच्या फळीवर. काकू डावा डोळा करून घरी झोपून होत्या, त्याच आठवड्यात टेबल उचललं गेलं आणि त्या जागी पाण्याच्या रंगीत बाटल्यांचा स्टँड आला. मी फोन करून सांगितलं.

"अच्छा," काकू म्हणाल्या. मग विचारलं, "पेन्सिली कुणाकडे गेल्या?"

"मी ठेवल्यात."

"टोकं करून ठेव."

टोकं करून डबा घेऊन मी रविवारी सिकंदरपूरला गेले. एवढी दोन वर्षं मॉलमध्ये एकत्र काढली, पण त्यांच्या घरी कधी गेले नव्हते. दोन खोल्या, बाहेर वाळत घातलेली वर्दी, दारात सावलीला काकू सुभेदारांच्या शर्टाला बटण लावत बसलेल्या. सुईत दोरा त्यांनी स्वतः ओवला होता, हे त्यांनी मला आधी सांगितलं. मग माझी हनुवटी धरून मला उजेडाकडे वळवलं.

"अगं, तुझ्या डोळ्यांखाली केवढं काळं झालंय! आणि मी तुला गोरी-गोमटी समजत होते."

मी हसले नाही. म्हणाले, "काकू, तुमची तारीख मला माहीत होती. मी गप्प बसले."

"मला माहीत होतं, तुला माहीत आहे ते." त्यांनी दोरा दातानं तोडला. "तू विचारशील म्हणून त्या दिवशी दोन-तीनदा तुझ्या टेबलापाशी येऊन गेले मी."

आतून सुभेदारांनी तीन कप चहा आणला. शिडशिडीत, ताठ माणूस. कानाजवळ तो व्रण. त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि विचारलं, "साखर बरोबर आहे का, ताई?" काकू आमच्या दोघांकडे बघत होत्या. म्हणाल्या, "पी गं. मी पण गप्पच बसले होते की. दोघींनी मिळून केलंय ते."

त्या पावसाळ्याआधी सुभेदारांनी नोकरी सोडली आणि दोघं गावी गेली. डबा काकूंनी नेला नाही. "तुझी बॉर्डर कच्ची आहे," म्हणाल्या, "तुला लागेल." सुरुवातीला आठवड्याला फोन व्हायचा, मग महिन्याला, मग सणावाराला. नव्या लागलेल्या मुलींना मी आता काही दाखवत नव्हते.

वर्षभरानं असेल, टॉवरवाल्या मॅडम दुकानात आल्या. पाण्याच्या बाटल्यांपाशी उभ्या राहून इकडे तिकडे पाहिलं आणि मला विचारलं, "वो आंटी?" त्यांची नोकरी बदलली होती, बंगळूरला चालल्या होत्या, जाण्याआधी भेटायला आल्या होत्या. मी तिथेच उभी राहून फोन लावला आणि त्यांनाही ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला.

पलीकडे बराच गलबला होता. काकू मोठ्यानं म्हणाल्या, "पोरी, थांब जरा. तालुक्याच्या दवाखान्यात आहे."

"का? काय झालं?"

"मला काय होतंय? गावातल्या म्हाताऱ्या घेऊन येते मी इथं. डोळ्यांचं म्हटलं की ऐकतच नाहीत गं, 'मला दिसतंय की' म्हणतात. मग मी पेन्सिल दाखवते, सांगा म्हणते कुठला रंग. आजची ही सातवी. काल झालं ऑपरेशन, आता पट्टी सोडतायत. थांब, बंद नको करूस."

मॅडमना मराठी येत नव्हतं. त्यांनी भुवया उंचावून मला विचारलं. मी हातानं थांबा म्हणाले.

डॉक्टरांचा आवाज आला, "हळू उघडा आजी, हळू." काकूंचा श्वास ऐकू येत होता. मॅडमनी माझं मनगट धरलं होतं.

आणि मग एक म्हातारा, चिरका, संतापलेला आवाज उठला. "अगं बया! माझ्या लुगड्याला हा एवढा मोठा डाग? आन् वरीसभर सांगितलं न्हाई व्हय गं कुणी मला?"

त्यामागून काकूंचं हसू आलं. त्या काहीतरी सांगू पाहत होत्या, पण शब्दच फुटत नव्हता. तेवढ्यात फोन कुणाच्या तरी हातून खाली पडला आणि बंद झाला.